दोन टिन लॅडर्स, एक कव्हर

नेदरलँड्सहून परत आल्यावर भेटेल तो विचारतो, ट्यूलिप पाहिले का? ट्यूलिप सप्टेंबरात नसतात. मग विचारतात, पवनचक्की तरी पाहिली ना? पाहिली. बरेच दिवस अर्धी पाहिली आणि शेवटी एकदा पूर्ण. पण या दोन्हींच्या मध्ये मी जे पाहिलं ते कुणी विचारत नाही. मी एका इंग्रज बँडचे दोन तुकडे पाहिले आणि त्या तुकड्यांपायी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पुणेकर पाहिले. त्यातला एक माझा नवरा आहे, त्यामुळे निःपक्षपाती वर्णनाची अपेक्षा ठेवू नये.

फेल्डहोवन

आमचा निखिल फेल्डहोवनला असतो. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणारी यंत्रं बनवणारी मोठी कंपनी तिथे आहे, आणि सकाळी अख्खं गाव सायकलवर बसून तिकडेच निघाल्यासारखं वाटतं. मी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. 'समुद्रसपाटीखालचा देश, प्रमुख व्यवसाय दुग्धोत्पादन' हे मी इतक्या पोरांकडून घोकून घेतलंय की विमानतळावरून निघाल्यापासून मी पाणी कुठे दिसतंय ते शोधत होते. दिसल्या त्या सायकली आणि गाई. अरविंद पुढे निखिलशेजारी बसून रस्त्याच्या रुंदीवर मतं देत होता. मी मागे होते, नातीची कार सीट आणि भाजणीचा डबा यांच्या मधल्या फटीत. फेल्डहोवनच्या बाहेर एका वळणावर "सुमन, पवनचक्की!" असं अरविंद ओरडला तेव्हा मला त्याच्या डोक्यामागून एक पातं दिसलं.

माणसं मोकळी आहेत. दिवाणखान्याचे पडदे उघडे टाकून बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याने आत पाहावं, पण थांबून पाहू नये, असा काहीतरी नियम आहे आणि तो मला शेवटपर्यंत जमला नाही. दुपारी गार पाव आणि गार चीज खातात, आणि त्यावर चक्क ताक पितात. परदेशात ताक मिळाल्यावर मला माहेरी आल्यासारखं झालं. मी त्यात मीठ आणि जिऱ्याची पूड घातली तर शेजारच्या रियाबाई डोळे विस्फारून बघत राहिल्या. या बाई स्वतः सकाळी लोण्याच्या पावावर चॉकलेटचा चुरा पसरून खातात. साठीच्या आहेत.

पण सगळ्यात आवडलेली गोष्ट संडासात होती. या देशात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. मी चेष्टा करत नाहीये. दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असं.

"आई, इथे सगळ्यांकडे असतं," मानसी म्हणाली. ती आमची सून. "रोज नजर जाते ना, म्हणजे कुणाचा वाढदिवस विसरायला होत नाही."

ईराला वाचता यावं म्हणून निखिलने सगळी नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. ईरा सहा वर्षांची आहे. मराठी समजतं, उत्तर डचमध्ये देते. सप्टेंबरच्या पानावर एकच नाव होतं, बापूकाका. पहिल्या सकाळी अरविंद आत गेला आणि नेहमीपेक्षा लवकर बाहेर आला. "ते कॅलेंडर तिथे कुणी लावलं?" एवढंच त्याने विचारलं.

बापू म्हणजे बापू दिघे, अरविंदचा कॉलेजपासूनचा मित्र. निखिल लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून हिंडला आहे. गेली कित्येक वर्षं बापू आणि अरविंद बोलत नाहीत. भांडण जमिनीवरून नाही, पैशावरून नाही, मुलांच्या लग्नावरूनही नाही. भांडण टिन लॅडर्सवरून आहे.

आता टिन लॅडर्सचा इतिहास सांगणं भाग आहे. मी तो इतक्या वेळा ऐकलाय की स्वयंपाक करता करताही सांगू शकते.

इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावात दोन शाळकरी मित्र होते, रॉनी आणि डेरेक. अमेरिकेहून येणाऱ्या खलाशांकडून त्यांना काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्यांच्या रेकॉर्ड मिळाल्या. दुःख सांगायचं, पण ऐकणाऱ्याच्या पायाने ठेका धरला पाहिजे, अशी ती गाणी. ज्यांना त्यातलं काहीच दुःख नव्हतं अशा या गोऱ्या पोरांनी तीच गाणी जोरात म्हणायला सुरुवात केली. रॉनी गायचा, डेरेक गिटार वाजवायचा. तीन जण आणखी जमवले आणि बँडचं नाव ठेवलं टिन लॅडर्स. पहिली रेकॉर्ड निघाली, नाव झालं, आणि नाव झाल्याबरोबर जे व्हायचं ते सुरू झालं. पहिला ड्रमवाला धर्माकडे वळून पाद्री झाला. ऑर्गनवाला ऑर्गन घेऊन पळाला आणि तो विकून त्याने मासळीचं दुकान टाकलं. मॅनेजर नुसताच पळाला. एका कार्यक्रमात रॉनी आणि डेरेक स्टेजवरच एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि लोकांना तो गाण्याचाच भाग वाटून वन्समोअर मिळाला. शेवटी डेरेकने रॉनीला काढला, किंवा रॉनीने डेरेकला सोडला. हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर अवलंबून आहे. डेरेकने नवा गायक आणला, रॉनीने नवा गिटारवाला आणला, आणि दोघेही टिन लॅडर्स म्हणूनच गावोगाव फिरू लागले. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, नाव दोघांनीही वापरा, पण आपण कोण ते जाहिरातीत खाली लिहा. 'आमची कोठेही शाखा नाही' अशा पाट्या वाचत मोठ्या झालेल्या आम्हा पुणेकरांना यात नवीन काही वाटू नये.

पण अरविंद आणि बापूला वाटलं. कॉलेजात असताना बापूच्या जहाजावरच्या मामाने टिन लॅडर्सची पहिली रेकॉर्ड आणून दिली होती. ती दोघांच्या सामायिक मालकीची ठरली. चार महिने एकाकडे, चार महिने दुसऱ्याकडे. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तरी पाळी चुकली नाही. मग बँड फुटल्याच्या बातम्या उशिरा का होईना पुण्यात पोचल्या आणि अरविंद डेरेकचा झाला, बापू रॉनीचा. अरविंदचं म्हणणं, डेरेकने अस्सल ब्लूज जपले आणि रॉनी पैशामागे जाऊन गुळगुळीत गायला लागला. बापूचं म्हणणं, आवाज म्हणजेच बँड, बाकी सगळे साथीदार. एका रविवारी बापू रॉनीच्या नव्या बँडची कॅसेट घेऊन आमच्याकडे आला. अरविंदने एक गाणं ऐकलं आणि म्हणाला, "हा लग्नातला ऑर्केस्ट्रा आहे." बापू उठला. जुनी रेकॉर्ड न्यायची पाळी त्याची होती. त्याने टेबलावरचं कव्हर उचललं आणि ताडताड जिना उतरला. खाली जाऊन त्याला कळलं असणार की तबकडी प्लेअरवरच राहिली. तो वर आला नाही, हा खाली गेला नाही. तेव्हापासून तबकडी आमच्या कपाटात आहे आणि कव्हर त्यांच्या.

बापूची बायको शैला आणि मी मात्र दर गुरुवारी फोनवर बोलतो. आम्हाला टिन लॅडर्सपैकी कोणीच आवडत नाही.

तर त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर निखिलने वडिलांपुढे एक पाकीट ठेवलं. "बाबा, सरप्राइज! तुमचा बँड. ग्रोनिंगनला, संडे आफ्टरनून. मी पण येतोय."

अरविंदने तिकीट चष्म्याजवळ नेलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'रॉनीसह'. त्याचा चेहरा आनंदाच्या तयारीत असतानाच थांबला.

"काय झालं बाबा? राँग डेट?"

"नाही रे," अरविंद म्हणाला. "छान आहे. खूप छान." मुलाचं मन मोडायचं नाही म्हणून तो तिकिटाकडे बघून इतका हसला की मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी शैलाचा फोन आला. तीही महिनाभर इथेच होती, लेकीकडे, अॅमस्टरडॅममधल्या बुइटनव्हेल्डर्टला. "अगं सुमन, आमच्या केतकीने घोळ घातला. यांच्या वाढदिवसाला टिन लॅडर्सची तिकिटं काढली. तुमच्याच गावात, फेल्डहोवनला, जत्रेच्या तंबूत. पण तो निघाला डेरेकवाला!"

आम्ही दोघी फोनवर पोट धरून हसलो. म्हणजे रॉनीचं तिकीट डेरेकवाल्याकडे आणि डेरेकचं तिकीट रॉनीवाल्याकडे. बदलून घ्यायला एक फोन पुरे होता. तो कुणी करायचा, एवढाच प्रश्न.

मग शैलाचा आवाज बदलला. "तुला एक सांगायचंय. अरविंदभावोजींना इतक्यात सांगू नकोस. डिसेंबरात आम्ही थोरल्याकडे ऑस्ट्रेलियाला चाललोय. कायमचे. फ्लॅट विकायला काढलाय. हे काही बोलत नाहीत, पण परवा सामान आवरताना ते कव्हर काढून बघत बसले होते. इथेही घेऊन आलेत, स्वेटरच्या मध्ये ठेवून."

मी आमची बॅग उघडून पाहिली. माझ्या दोन कांजीवरम साड्यांच्या मध्ये तबकडी होती. अरविंदने साड्या इतक्या आग्रहाने का घ्यायला लावल्या ते तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात रियाबाईंच्या नवऱ्याचा वाढदिवस होता. इथला वाढदिवस म्हणजे खोलीच्या कडेने गोल खुर्च्या मांडायच्या आणि केकचा एकेक तुकडा मांडीवर घेऊन बसायचं. खरी गंमत वेगळीच. येणारा प्रत्येक पाहुणा खुर्च्यांच्या रांगेने फिरत सगळ्यांशी हात मिळवतो आणि सगळ्यांचं अभिनंदन करतो. बायकोचं, नवऱ्याच्या वाढदिवसाबद्दल. सासूचं, जावयाच्या वाढदिवसाबद्दल. अरविंदचंही, शेजाऱ्याच्या वाढदिवसाबद्दल.

"पण माझं कशाला? मी काय केलं?" अरविंदने विचारलं.

"तुम्ही त्याला ओळखता ना?" रियाबाई म्हणाल्या. "मग तुम्हालाही आनंद झालाच पाहिजे."

आपल्याकडे ज्याचा वाढदिवस त्याच्याच गळ्यात हार पडतो आणि बाकीच्यांनी पाकीट द्यायचं असतं. मला ही रीत फारच पसंत पडली. दोन दिवसांनी रियाबाई आमच्याकडे कॉफीला आल्या, संडासात जाऊन आल्या आणि विचारू लागल्या, "हे बापूकाका कोण? पुढच्या शनिवारी आहे त्यांचा."

"याचा सगळ्यात जुना मित्र," मी अरविंदकडे बोट दाखवून सांगितलं. अरविंदने कॉफीत तोंड घातलं.

बुइटनव्हेल्डर्ट

गणपती आले. तिथल्या मराठी मंडळींचंही मंडळ आहे, म्हणजे एक होतं. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मराठीत करायचं की मुलांना कळावं म्हणून इंग्रजीत, यावरून त्याची दोन झाली. आता दोन शाळांच्या दोन हॉलमध्ये दोन गणपती बसतात आणि निखिल दोन्हीकडे आरतीला जातो, कारण दोन्हीकडे त्याच्या ऑफिसातले लोक आहेत. "स्टेकहोल्डर मॅनेजमेंट असतं आई," असं म्हणाला. हे ऐकून अरविंद गदगदा हसला. "साध्या भाषेवरून मंडळ फोडतात! काय ही माणसं!" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याला काही कळलं नाही.

बुइटनव्हेल्डर्टच्या हॉलमध्ये आरती चालू होती तेव्हा समोरच्या बाजूला बापू दिसला. केस पांढरे झाले होते आणि पोट थोडं सुटलं होतं, पण टाळ्या वाजवताना मान डावीकडे टाकायची सवय तीच. त्याने अरविंदला पाहिलं. अरविंदने त्याला पाहिलं. मग दोघेही गणपतीकडे बघू लागले, इतकं निरखून की जणू मूर्ती विकतच घ्यायची आहे. प्रसाद वाटायला शैला आली. तिने अरविंदच्या हातावर खिरापत ठेवली आणि म्हणाली, "भावोजी, यांना पण विचारा हो कसे आहेत ते."

"दिसतोय ना," अरविंद म्हणाला. "बराच आहे."

पाच वाजता शाळेचा रखवालदार किल्ल्या वाजवत आला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. पार्किंगमध्ये बापू आमच्या गाडीशेजारून गेला. अरविंद पुढच्या सीटवर बसून पट्टा लावण्यात फारच गुंतला होता. मी मागून काच खाली करून "बापू, बरे आहात ना?" म्हटलं. "बरंय वहिनी," तो म्हणाला, क्षणभर घुटमळला आणि गेला. मला त्या दिवशी नवऱ्याचा खरोखर राग आला. संध्याकाळी मी त्याला मुगाची खिचडी वाढली आणि वर तूप वाढलं नाही.

ग्रोनिंगन

ग्रोनिंगन पार उत्तरेला आहे. तीन तास गाडी चालली आणि जमीन इतकी सपाट की टेकडी दिसली म्हणून मी आनंदले तर तो उड्डाणपूल निघाला. गाव विद्यार्थ्यांचं आहे. आमच्या पुण्यासारखंच म्हणणार होते, पण इथले विद्यार्थी आई-वडिलांच्या वयाच्या माणसाला रस्ता देतात.

हॉलमध्ये खुर्च्याच नव्हत्या. उभ्याने ऐकायचं! ऐकणारे सगळे साठीचे, कातडी जाकिटं घातलेले, आणि एकमेकांना गुडघ्याच्या डॉक्टरांची नावं सांगत असलेले. मग रॉनी आला. बुटका, गोल, मखमली कोट, आणि साथीला त्याच्या नातवंडांच्या वयाची चार पोरं. मला वाटलं, अरविंदचंच बरोबर असणार, हा ऑर्केस्ट्राच.

आणि तो गायला लागला. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पण त्या बुटक्या माणसाच्या छातीतून जो आवाज आला त्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी मान्य करते. शेवटच्या बसची वाट बघणाऱ्या माणसाचं गाणं होतं ते, जे आमच्या घरात लग्नानंतरची कित्येक वर्षं खरखरत वाजलं. मी बाजूला पाहिलं. अरविंदचे डोळे मिटलेले होते आणि उजवा पाय ठेका धरत होता.

कार्यक्रमानंतर रॉनी एका टेबलाशी बसून सह्या देत होता. अरविंदने पिशवीतून तबकडी काढली. रॉनीने ती उलटसुलट करून पाहिली.

"हिचं कव्हर कुठे आहे? कव्हरवर मी मधोमध उभा होतो."

"मित्राकडे आहे," अरविंद म्हणाला.

"मग मित्र कुठे आहे?"

अरविंद पिशवीची चेन लावू लागला. शेवटी मीच माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगितलं, "हे दोघे बोलत नाहीत. तुमच्यामुळे. हे डेरेकच्या बाजूचे, तो तुमच्या."

रॉनी पेन हातात धरून बघतच राहिला. भारतातून कुणी आपल्या भांडणात पडेल अशी त्याची कल्पना नसावी. अरविंदला मात्र आता राहवेना. आयुष्यभर साठवलेला प्रश्न त्याने विचारला. डेरेकला अस्सल ब्लूज जपायचे होते आणि तुम्हाला लोकप्रिय व्हायचं होतं, म्हणून बँड फुटला ना?

"कोण म्हणतं?" रॉनी म्हणाला. "व्हॅनच्या पुढच्या सीटवरून फुटला."

त्याने जे सांगितलं ते असं. पाच जण एका जुन्या व्हॅनमधून हिंडायचे. मागे बसलं की रॉनीला उलटी व्हायची. पण डेरेकचे पाय लांब, तो कायम पुढे बसायचा. एकदा तो पेट्रोल पंपावर लघवीला उतरला आणि रॉनी पुढे जाऊन बसला. डेरेक म्हणाला ऊठ. हा म्हणाला उठत नाही. डेरेक गिटार घेऊन उतरला आणि ट्रेनने घरी गेला. "त्या अस्सल ब्लूजचं वगैरे," रॉनी म्हणाला, "नंतर वकिलांनी लिहिलं. मलाही ते वाचून बरं वाटलं होतं." आणि तबकडीच्या मधल्या कागदावर त्याने वेडीवाकडी सही केली.

परत येताना अरविंद पुढे बसून तबकडीवरची सही पुन्हा पुन्हा बघत होता. निखिलच म्हणाला, "बाबा, म्हणजे बेसिकली, तुम्ही आणि बापूकाका इतकी वर्षं एका कार सीटवरून भांडताय?"

"गाडी बघून चालव," अरविंद म्हणाला.

मला मग राहवलं नाही. मी मागून सांगून टाकलं. बापू डिसेंबरात ऑस्ट्रेलियाला चालला, कायमचा. फ्लॅट विकायला काढलाय. अरविंदने मान वळवली नाही. फेल्डहोवनचं वळण आल्यावर त्याने नुसतं विचारलं, "आणि ते कव्हर?"

"इथेच आणलंय त्याने. स्वेटरच्या मध्ये ठेवून."

पुन्हा फेल्डहोवन

त्या आठवड्यात अरविंद रोज सकाळी संडासातून उशिरा बाहेर येऊ लागला. दोनदा त्याने फोन उचलून ठेवला. तिसऱ्यांदा नंबर फिरवला आणि केतकीचा नवरा डचमध्ये 'हॅलो' म्हणाला तर घाबरून ठेवून दिला. "काय बोलणार?" तो मला म्हणाला. "चुकलं म्हणू? चूक तर व्हॅनची आहे."

शनिवारी दुपारी गावच्या जत्रेत डेरेकचा कार्यक्रम होता. आम्हीही तिकिटं काढून गेलो. एकीकडे पाळणे, एकीकडे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा वास, मध्ये पांढरा तंबू. बापू आणि शैला पुढे उभे होते, आम्ही मागे. डेरेक उंच, सुकलेला, काठी टेकत आला आणि स्टुलावर पाय पसरून बसला. वाजवायला लागल्यावर मात्र काठी कुठे आहे हे त्यालाही आठवत नसावं. मला मागून बापूची मान दिसत होती. ती डावीकडे झुकली होती.

कार्यक्रम संपला, सह्यांची रांग लागली. बापू पुढे, आम्ही सात-आठ माणसं सोडून मागे. मी आणि शैला डोळ्यांनीच एकमेकींना विचारत होतो, आता? तेवढ्यात रियाबाई सायकल लावून आल्या, हातात खोक्यात सफरचंदाचा टार्ट. बापू इथे येणार हे मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. "बापूकाका कोणते?" त्यांनी मला विचारलं. मी दाखवलं.

रियाबाई सरळ बापूकडे गेल्या, हात मिळवला, अभिनंदन केलं. शैलाचं केलं. परत येऊन माझं केलं. आणि मग अरविंदचा हात धरून, तिथल्या रिवाजाप्रमाणे गालांवर तीन मुके घेऊन, अख्ख्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मित्राच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन!"

डच माणसाला वाढदिवस असल्याचं कळलं की त्याला गप्प राहता येत नाही. रांगेतला पुढचा दाढीवाला वळला आणि त्याने अरविंदचा हात हलवला. त्याच्या बायकोने हलवला. मागच्या दोन बायकांनी हलवला. अरविंद लाल होऊन सगळ्यांना 'थँक्यू, थँक्यू' म्हणत होता. इतकी वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही त्याच्या वाढदिवसाची अभिनंदनं तो दोन्ही हातांनी गोळा करत होता. पुढे उभा राहून बापू बघत होता. शेवटी त्याला ते सहन झालं नाही.

"अरे ए! वाढदिवस माझा आहे!"

"मग ये की घ्यायला," अरविंद म्हणाला. "मी काय अडवलंय?"

बापूने रांगेतली जागा सोडली आणि तो मागे आला. दोघे समोरासमोर उभे राहिले. काय करायचं हे दोघांनाही समजेना, म्हणून अरविंदनेही हात पुढे केला आणि अभिनंदन केलं. बापूने तो हात सोडला नाही. अरविंद तंबूच्या छताकडे बघत होता. शैलाने पदर डोळ्यांना लावला. मी लावला नाही, कारण माझा आधीच ओला झाला होता.

डेरेकपुढे ते दोघे एकत्रच गेले. बापूने कव्हर ठेवलं, अरविंदने तबकडी. कव्हरवर पाच पोरटी उभी होती, मधोमध बुटका रॉनी, आणि त्याच्यामागे सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच डेरेक. डेरेकने तबकडीवरची सही पाहिली.

"अजून असंच घाणेरडं लिहितो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "कसा आहे तो?"

"गातो चांगला," अरविंद म्हणाला. हे बापूच्या देखत म्हणाला.

"अजून पुढेच बसतो का?"

अरविंदने बापूला तिथेच ती व्हॅनची गोष्ट सांगितली. बापूने ती सगळी ऐकून घेतली, एकदा डेरेकच्या लांब पायांकडे पाहिलं, एकदा कव्हरवरच्या रॉनीकडे पाहिलं. "एवढंच?" त्याने विचारलं. "एवढंच," अरविंद म्हणाला. डेरेकने कव्हरवर सही केली. काय विषय चाललाय ते त्याला मराठीतही कळलं असावं, कारण त्याने मान वर केली नाही.

घरी मानसीने श्रीखंड केलं होतं. निखिलने ईराची कार सीट डिकीत टाकली आणि गाडी तंबूच्या दाराशी आणली. अरविंद सवयीने पुढच्या दाराकडे गेला, दार उघडलं आणि थांबला.

"बापू, बस पुढे."

"नको रे. तू बस, तुझी जागा आहे."

"वाढदिवस तुझा आहे."

"गुडघे तुझे दुखतात."

"बस म्हणतो ना!"

"नाही बसत!"

आवाज चढायला लागले. निखिलने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. शैला केव्हाच मागे जाऊन खिडकीशी बसली होती. शेवटी बापू तिच्याशेजारी मागे घुसला आणि त्याच्यामागोमाग अरविंदही घुसला, मी पुढे बसणार नाही म्हणजे नाहीच असं म्हणत. तिघे दाटीवाटीने बसले. दोघांच्या मांडीवर मिळून ते कव्हर होतं आणि अरविंद तबकडी आत सरकवत होता. ती सहज गेली नाही. इतक्या वर्षांत कव्हर थोडं आकसलं होतं. "हळू, कोपरा फाटेल," बापू सांगत होता, "तुला कधी जमलंच नाही ते."

पुढचं दार तसंच उघडं होतं. कुणी काही म्हणेना, म्हणून मी बसले. पाय लांब केले. पट्टा लावला.

गावाबाहेरच्या वळणावर पवनचक्की आली. तिला चार पाती आहेत.